सोलापुरात राहून हार्मोन आणि चयापचयाच्या आजारांवर संशोधन कसं सुरू करावं

हा लेख एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, थिसिसचा विषय शोधणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे, आणि बायोकेमिस्ट्री किंवा आहारशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांसाठीही आहे. मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयांचा हार्मोनजन्य विकार), लठ्ठपणा या आजारांवर काही तरी खरं काम करायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, असं म्हणणारी मुलं-मुली सोलापुरात दरवर्षी भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय हे जमणार नाही. मला ते पटत नाही. या विषयात निकालाचा कस लागतो तो मोजमापावर. रक्त किती वाजता काढलं, कोणत्या नळीत काढलं, आणि ती नळी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत किती वेळ गेला, या तीन गोष्टी सांभाळल्या तर सिव्हिलच्या ओपीडीतूनही पक्कं काम होतं. त्या नाही सांभाळल्या तर महागडं यंत्रही खोटंच बोलतं.

पायरी १ : प्रश्न एका ओळीत मावेल इतका लहान करा

‘सोलापुरातील मधुमेह : एक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी दिसायला हव्यात : कोणाला पाहणार, कोणाशी तुलना करणार, काय मोजणार, कधी मोजणार.

आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांचा कंबरेचा घेर आणि उपाशीपोटीचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), त्याच वयाच्या दिवसपाळीवाल्यांपेक्षा जास्त असतं का? दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये जेवणानंतरची साखर कशी वागते? एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा मंगळवेढा-सांगोल्याकडच्या ज्या घरांत फ्रिज नाही तिथे इन्शुलिनची बाटली कुठे ठेवतात, आणि त्या दोन महिन्यांत त्या रुग्णांची साखर बिघडते का? या शेवटच्या प्रश्नाला एक थर्मामीटर, एक वही आणि महिन्याच्या महिन्याला घरी जाण्याची तयारी लागते. मी गाइड असतो तर हाच विषय आधी दिला असता.

पायरी २ : वाचन, पण ठरवून

पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची फुकट आहे, आणि बरेचसे पूर्ण लेखही फुकट मिळतात. कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटून कोणती जर्नल्स उपलब्ध आहेत ते आधी विचारून घ्या. सुरुवातीला भारतातली दोन कामं नीट वाचा.

पहिलं आयसीएमआर-इंडियाब, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मधुमेहाची देशव्यापी पाहणी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत देशभरातल्या १,१३,०४३ लोकांची तपासणी होती. त्यात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्क्यांना मधुमेहपूर्व अवस्था आढळली. शहरात मधुमेहाचं प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यात ८.९ टक्के निघालं. हे आकडे पाठ करू नका. त्यांनी माणसं कशी निवडली, कोणत्या तपासणीने कोणाला मधुमेही म्हटलं, तेवढं मात्र टिपून ठेवा.

दुसरं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या या अभ्यासात गरोदर बायकांचा आहार, रक्त आणि पुढे बाळांची मोजमापं घेतली गेली. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. याच गटाने पुढे दाखवलं की गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन रेझिस्टन्स (इन्शुलिनला शरीराने कमी दाद देणं) जास्त होता. हे काम गावातल्या घरांतून, वजनकाटा आणि टेप हातात घेऊन उभं राहिलं. म्हणून ते सोलापूरकरांनी वाचायलाच हवं.

बाहेरच्या व्याख्या तशाच उचलू नका. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये (संशोधनाच्या लेखी आराखड्यात) कोणती व्याख्या घेतली ते पहिल्याच पानावर लिहा.

पायरी ३ : रुग्णांवर काम करायचं की प्रयोगशाळेत, हे ठरवा

बेसिक संशोधन म्हणजे पेशी, प्राणी किंवा नुसती एन्झाइम घेऊन आजाराची यंत्रणा उलगडणं. चरबीच्या पेशींवर काम करणारे बहुतेक जण ३टी३-एल१ नावाच्या उंदराच्या पेशी वापरतात, यकृतासाठी हेप-जी२ वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं भांडार आहे, तिथून रीतसर मागणी करून त्या मिळतात. पण पेशी वाढवायला कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर आणि अखंड वीज लागते. ती सोय नसेल तर तो हट्ट धरू नका. प्राण्यांवरचं काम नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. विद्यार्थ्याने एकट्याने त्यात पडू नये.

आपल्याकडे एमएस्सीच्या प्रकल्पांत एक विषय हमखास येतो : डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि मधुमेह. जिल्हाभर डाळिंब आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे, तेव्हा विषय सुचणं साहजिक आहे. पिष्ट पचवून साखर करणारं अल्फा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम किती अडतं ते परीक्षानळीत मोजणं सोपं आणि स्वस्त आहे. जरूर करा. तुलनेसाठी सोबत अकार्बोज ठेवा, ते औषध याच वाटेने काम करतं. वाण कोणता, साल कोणत्या महिन्यातली, कशात किती वेळ भिजवली, हे लिहा. शेवटी ‘हा अर्क मधुमेहावर गुणकारी आहे’ असं मात्र लिहू नका. नळीत एन्झाइम अडलं, एवढंच तुम्ही पाहिलंत. तेवढंच लिहिलंत तर ते काम प्रामाणिक ठरतं आणि पुढच्याच्या कामी येतं. वर्तमानपत्रात ‘डाळिंबाच्या सालीने मधुमेह बरा’ असा मथळा आला आणि कोणी गोळ्या सोडल्या, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

पायरी ४ : किती माणसं घ्यायची

थिसिसमध्ये ‘१०० रुग्ण’ हा आकडा इतका रुळलाय की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. हिशेब करून पाहा. मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के धरलं आणि तीन टक्क्यांच्या इकडेतिकडे अचूकता हवी असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.११४ गुणिले ०.८८६, भागिले ०.०३ चा वर्ग, म्हणजे सुमारे ४३२ माणसं लागतात. वस्त्या निवडून त्यातून माणसं घेणार असाल तर आकडा दीडपट-दुप्पट होतो, आणि न येणाऱ्यांसाठी दहा टक्के वर धरायचे. शंभर जणांवर हेच प्रमाण काढलंत तर उत्तर साधारण पाच ते अठरा टक्क्यांच्या मध्ये कुठे तरी, इतकं सैल येतं. पाचशे जण झेपणार नसतील तर प्रमाण काढायचा प्रश्नच सोडा. दोन गटांची तुलना घ्या, तिला बरेचदा कमी माणसं पुरतात. पीएसएम (सामुदायिक वैद्यक) विभागातल्या सांख्यिकी सांगणाऱ्या सरांना किंवा मॅडमना आत्ताच भेटा. माहिती गोळा झाल्यावर गेलात तर त्यांच्याही हातात फार काही उरत नाही.

पायरी ५ : एथिक्स कमिटी आणि संमती

कमिटीची मंजुरी हातात पडेपर्यंत एकही माणूस घ्यायचा नाही, जुने केसपेपर चाळायचे असले तरी. मार्गदर्शनासाठी आयसीएमआरची २०१७ची राष्ट्रीय नीतितत्त्वं वाचा. औषध, आहार, व्यायाम असं काही देऊन परिणाम पाहणार असाल तर सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करावी लागते. ती पहिला माणूस घेण्याआधीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा बायोमेडिकल संशोधनाचा ऑनलाइन कोर्स करावाच लागतो. तो परीक्षेपुरता उरकू नका, त्यातला संशोधन-आराखड्याचा भाग फार चांगला आहे. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

संमतीपत्र मराठीत केलं म्हणजे काम झालं, असं सोलापुरात होत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि शहरभर उर्दू-दखनी बोलणारी माणसं आहेत. त्या-त्या भाषेत पत्रक करा, मग मूळ मराठी पत्रक न पाहिलेल्या माणसाकडून ते परत मराठीत उतरवून घ्या. ‘नमुना जतन केला जाईल’चं ‘रक्त विकलं जाईल’ झालेलं नाही ना, ते तिथेच कळतं. लिहिता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार हवा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर. विडी कामगार बाईला हजार विड्यांवर मजुरी मिळते. ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी म्हणजे उपाशी येणं, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास बसणं, परत जाणं. अर्धा दिवस गेला. ‘समाजासाठी मदत करा’ असं तिला सांगणं सोपं आहे, पण तो बुडालेला रोज कोण भरून देणार? प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देणं नियमात बसतं. ती रक्कम प्रस्तावात आधीच लिहा आणि कमिटीकडून मंजूर करून घ्या. चाचणी वस्तीजवळ घेता आली तर त्याहून उत्तम. तपासणीत मधुमेह नव्याने सापडला तर पुढे काय, हेही आधी ठरवा. कोणत्या दिवशी, कोणत्या ओपीडीत, कोणाला भेटायचं, अशी चिठ्ठी तयार हवी. आजार सापडवून माणसाला तसंच सोडून देणं मला कोणत्याही अभ्यासात मान्य नाही.

पायरी ६ : रक्त

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

आधी उपाशीपोटीचं. ‘उपाशी आहात का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. चहा हा खाण्यात धरतच नाहीत. म्हणून असं विचारा : ‘मावशी, उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?’ मग निघतं, अर्धा कप चहा घेतला, दुधाचाच, साखर घालून. मिश्री लावली. तंबाखूची चिमूट होती. हे सगळं फॉर्मवर लिहा, आणि चहा झाला असेल तर त्यांना प्रेमाने दुसऱ्या दिवशी बोलवा. ग्लुकोजच्या चाचणीत पावडर कोणती तेही पाहा. निर्जल ग्लुकोज ७५ ग्रॅम, पण पाण्याचा रेणू असलेलं मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम. अडीचशे-तीनशे मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, आणि दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे.

मग नळी. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर तांबड्या पेशी साखर खात राहतात. नेहमीच्या तापमानाला साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. समजा कुंभारीच्या शिबिरात सकाळी एका बाईंची खरी साखर १३० होती, म्हणजे मधुमेहाच्या १२६ च्या रेषेच्या वर. नळ्या डब्यात राहिल्या, रिक्षा मिळायला उशीर झाला, दोन तासांनी यंत्रावर ११५ आली. एक मधुमेही कागदावरून पुसला गेला. एप्रिलच्या उन्हात हे आणखी लवकर होतं. राखाडी टोपीच्या फ्लोराइड नळीने सगळं भागतं असं समजू नका. फ्लोराइड साखर खाण्याच्या साखळीत खालच्या टप्प्यावर अडवतं, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत घट चालूच राहते. उपाय असा : नळी लगेच बर्फ-पाण्यात, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज, आणि प्लाझ्मा वेगळा. शिबिरात छोटं सेंट्रिफ्यूज नेता येत असेल तर न्याच. काढल्याची वेळ आणि वेगळं केल्याची वेळ, दोन्ही रकाने फॉर्मवर हवेत.

एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) सोयीची, उपाशी राहायला नको. पण आपल्याकडच्या बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. लोहाची कमतरता असली की एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा वर दिसते. तांबड्या पेशी फुटण्याचा आजार असेल, नुकतंच रक्तस्राव किंवा रक्त चढवणं झालं असेल तर खाली दिसते. तेव्हा प्रत्येक एचबीएवनसीबरोबर हिमोग्लोबिन घ्या. ओपीडीत नुसत्या ६.५ टक्के एचबीएवनसीवर मधुमेह ठरवून केलेले थिसिस मला याच कारणासाठी कच्चे वाटतात.

हार्मोनला घड्याळ असतं. कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) जाग येण्याच्या सुमाराला सर्वांत वर असतं, दिवसभर उतरतं. म्हणून ‘सकाळी आठचं कॉर्टिसॉल’ म्हणतात. पण रात्रभर माग चालवून सकाळी सातला सुटलेल्या कामगाराचं आठचं कॉर्टिसॉल म्हणजे झोपायला निघालेल्या माणसाचं कॉर्टिसॉल. त्याची शेवटची झोप कधी, जाग कधी, कितवी रात्रपाळी, हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळीच घ्यावं. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) नुसत्या भीतीनेही चढतं, सुई टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बसू द्या. एसीटीएचची (कॉर्टिसॉलला चालना देणाऱ्या हार्मोनची) नळी बर्फात न्यावी लागते. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) रात्री चढतं, दुपारी उतरतं, तेव्हा सगळ्यांचं एकाच वेळी घ्या. गरोदर बायकांसाठी तिमाहीप्रमाणे मर्यादा वेगळ्या धरा.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या (बी गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या घेणाऱ्या मुली आता खूप आहेत. ज्या यंत्रांची पद्धत बायोटिन आणि त्याला चिकटणारं प्रथिन स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्यावर चालते, तिथे या गोळ्यांमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटं जास्त येऊ शकतं. धडधाकट मुलगी कागदावर हायपरथायरॉइड होते. पीसीओएसवर काम करत असाल तर हा प्रश्न फॉर्ममध्ये पाहिजेच.

इन्शुलिन मोजताना रक्तातल्या पेशी फुटल्या असतील तर तो नमुना बाद करा. तांबड्या पेशींतून सुटलेलं एन्झाइम इन्शुलिन तोडतं. उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि साखर यांचा गुणाकार भागिले ४०५, म्हणजे होमा-आयआर, इन्शुलिन रेझिस्टन्सचा अंदाज. हे सूत्र सगळ्यांना येतं. पण इन्शुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांत ते लावू नका, आणि एका कंपनीच्या किटवरचा आकडा दुसऱ्या किटच्या मर्यादेशी ताडू नका.

पायरी ७ : टेप, काटा आणि ताट

कंबर मोजायची जागा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे. नऊवारी नेसलेल्या आजींची तिथेच गाठ असते. आडोसा करा, बाई कार्यकर्ती ठेवा, गाठ खाली सरकवून मोजा, आणि दोनदा मोजा. साडीवरून मोजायचं ठरवलंत तर दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढतात, आणि ८० ची रेषा तेवढ्यानेच ओलांडली जाते.

आहार विचारताना ‘भाकरी किती?’ एवढ्यावर थांबू नका. कडक भाकरी आणि मऊ भाकरी यांच्या पिठात फरक असतो. शेंगा चटणी ‘थोडीशी’ म्हणजे किती, ते चमचा हातात देऊन दाखवायला सांगा. वर दही की तेल, तेही. पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते वापरा.

पायरी ८ : फ्रीजर आणि प्रयोगशाळा

सीरम लहान-लहान भागांत भरा, म्हणजे एकच नमुना परत-परत वितळवावा लागणार नाही. फ्रीजरला जनरेटरची लाइन आहे का ते स्वतः तपासा, आणि रोजच्या तापमानाची नोंद दारावर लावा. शक्य असेल तर आजारी आणि निरोगी दोन्ही गटांचे नमुने मिसळून एकाच फेरीत चालवा. आजारी आधी, निरोगी महिनाभराने, असं केलंत तर किटच्या लॉटचा फरक तुम्ही आजाराचा फरक म्हणून छापाल. प्रयोगशाळा वेल्लोरच्या सीएमसीसारख्या बाह्य गुणवत्ता-तपासणी योजनेत आहे का, तेही विचारा.

पायरी ९ : पंचांग पाहून तारखा ठरवा

आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूर परिसरातले रुग्ण फॉलो-अपला येणार नाहीत. श्रावणात आणि नवरात्रात उपवास, साबुदाणा आणि शेंगदाणे यांनी साखरेचं गणित बदलतं. रमजानमध्ये जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळाच फिरतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. कोजागरीला अर्धं सोलापूर पायी तुळजापूरला निघतं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही पायांची तपासणी ठेवली तर मधुमेही पायाचे आकडे वेगळेच येतील. उलट, मुद्दाम त्याच आठवड्यात ठेवलीत तर तो एक स्वतंत्र आणि फार उपयोगाचा अभ्यास होईल.

पायरी १० : आकडे आणि लेखन

माहिती भरतानाच नावं काढून क्रमांक द्या. नावांची यादी वेगळ्या कुलुपात ठेवा. इन्शुलिन, ट्रायग्लिसराइड, टीएसएच यांचे आकडे एका बाजूला लांब शेपटी काढतात, त्यांची नुसती सरासरी देऊ नका, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) द्या किंवा लॉगमध्ये बदला. विश्लेषण काय करणार ते माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवलेलं असावं. नंतर वीस तुलना करून त्यातली एक ‘सिग्निफिकंट’ निघाली म्हणून तीच छापणं बरोबर नाही. फरक सापडला नाही तर तेही छापा.

पैसे भरा, आठवड्यात छापतो, असा ई-मेल आला की त्या जर्नलचं नाव पबमेडवर आणि तुमच्या विद्यापीठाच्या यादीत आहे का ते पाहा. लेखकांची नावं कोणत्या क्रमाने, हे गाइडशी पहिल्याच महिन्यात बोलून घ्या, शेवटी बोलायला गेलं की मनं दुखावतात. आणि ज्या वस्तीतून रक्त आणलं तिथे प्रत्येकाचा रिपोर्ट त्याच्या भाषेत समजावून परत द्या. ही तारीख कामाच्या वेळापत्रकातच, थिसिस जमा करायच्या तारखेच्या आधी लिहा.